स्लाईडवर हुकवर्मची अंडी, पण कल्चरमध्ये अळी नाही: हाराडा-मोरी का फसतं आणि काय तपासायचं

हाराडा-मोरी म्हणजे फिल्टर पेपरच्या पट्टीवर शौचाचा नमुना पसरून ती पट्टी थोडं पाणी असलेल्या नळीत उभी ठेवायची आणि दहा दिवसांत अंड्यांतून अळ्या वाढवायच्या, अशी कल्चरची पद्धत. कोकणातल्या तालुक्याच्या लॅबमध्ये हे कल्चर बिघडतं ते पुढीलपैकी कुठल्या तरी रूपात.

ताज्या स्लाईडवर हुकवर्मची, म्हणजे अंकुशकृमीची, अंडी स्पष्ट दिसलेली असतात, पण दहाव्या दिवशी नळीच्या तळाच्या पाण्यात एकही अळी सापडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पाणी गढूळ होतं आणि नळी उघडताच कुजका वास येतो.

पट्टीवर पांढरी किंवा करडी बुरशी चढते, किंवा पट्टी वरच्या अर्ध्या भागात कडकडीत वाळते.

अळ्या दिसतात, पण सगळ्या आकारांच्या, भराभर वळवळणाऱ्या, मधूनच पोटात अंडी असलेली मोठी मादी. रुग्णाला मात्र काहीच त्रास नाही आणि ताज्या स्लाईडवर काही दिसलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत, ऑगस्टमध्ये आणि पाऊस सुरू झाल्यावर नमुने ओळीने निगेटिव्ह येतात.

यातल्या बहुतेक प्रकारांत हाताच्या कामात फारशी चूक नसते. नमुना नळीत जाण्याआधीच अंडी मेलेली असतात, किंवा नळीत गेल्यावर पाणी, हवा आणि उष्णता यांतलं एक काहीतरी बिघडलेलं असतं. अशा वेळी ‘कल्चर निगेटिव्ह’ असा रिपोर्ट गेला तर चिरेखाणीवर किंवा काजूच्या बागेत अनवाणी काम करणाऱ्या, हिमोग्लोबिन सतत खाली राहणाऱ्या बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर ठेवलं जातं आणि किडे आतड्यात तसेच राहतात. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्यापासून खर्चाच्या अशा क्रमाने करा, मधली गाळू नका.

आधी एक गोष्ट. कल्चर जमलं तर नळीत फिलॅरिफॉर्म, म्हणजे संसर्ग करू शकणाऱ्या तिसऱ्या अवस्थेतल्या, अळ्या तयार होतात, आणि त्या अखंड कातडीतून आत शिरतात. पहिल्या दिवसापासून हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका, नळी स्टँडमध्ये उभीच ठेवा. काचेवरच्या ओलाव्यावरून अळ्या वरही चढतात, त्यामुळे नळीचं तोंड आणि बाहेरची बाजूही संसर्गाची समजा. थेंब हातावर पडला तर ताबडतोब साबणाने धुवा, पुसून स्पिरिट लावा आणि डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइड चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कर्मचाऱ्याला हे काम देऊच नका.

मुळात कल्चर कशासाठी लावलंय?

तपासणीचा कागद पुन्हा वाचा. कल्चरमध्ये अळ्या बाहेर येतात त्या मुख्यतः हुकवर्म आणि स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या बारीक कृमीच्या, क्वचित ट्रायकोस्ट्राँगिलस या आणखी एका कृमीच्या. ॲस्कॅरिसच्या, म्हणजे नेहमीच्या गोल जंताच्या, अंड्यात अळी तयार व्हायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि ते अंडं बाहेर फुटत नाही, माणसाच्या आतड्यात गेल्यावर फुटतं. ट्रायच्युरिसचं, म्हणजे चाबूककृमीचं, अंडंही तसंच. स्लाईडवर खरबरीत तपकिरी कवचाची किंवा दोन्ही टोकांना बूच असलेली अंडी दिसली असतील तर निदान तिथेच झालं, त्यासाठी नळी भरायची गरज नाही. अंडी मोजायची असतील तर काटो-काट्झ, म्हणजे साच्याने मोजून घेतलेल्या नमुन्याची जाड स्लाईड, वापरा: ४१.७ मिलिग्रॅमचा साचा, मोजलेला आकडा गुणिले २४ म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. त्यातही हुकवर्मसाठी स्लाईड अर्ध्या ते एका तासात वाचलीच पाहिजे, कारण ग्लिसरीनमध्ये त्याचं पातळ कवच विरून दिसेनासं होतं. उशिरा वाचलेली काटो-काट्झ स्लाईड ‘हुकवर्म नाही’ असं खोटं सांगते.

मग हुकवर्मचं अंडं दिसलेलं असताना कल्चर कशाला? दोन कारणांसाठी. नेकेटर आणि अँकायलोस्टोमा या हुकवर्मच्या दोन प्रकारांची अंडी डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत, तिसऱ्या अवस्थेतली अळी बघूनच ती ओळखता येतात. शिवाय थोडा संसर्ग, विशेषतः स्ट्राँगिलॉइडिसचा, स्लाईडवर निसटतो आणि कल्चरमध्ये सापडतो.

दिसलेलं अंडं हुकवर्मचंच होतं का?

हे तपासायला आयपीसमधला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मोजपट्टी, पुरतो. हुकवर्मचं अंडं ६० ते ७५ मायक्रॉन लांब आणि ३५ ते ४० मायक्रॉन रुंद, पातळ कवचाचं, आत चार ते आठ पेशी आणि कवच-पेशींमध्ये स्वच्छ मोकळी जागा. मुळा, गाजर, रताळं अशा भाज्यांच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची अंडीही जेवणातून शौचात उतरतात. ती साधारण ८० ते १२० मायक्रॉन लांब, एका बाजूने किंचित वाकलेली आणि बोथट टोकांची असतात. माणसाशी त्यांचा काही संबंध नाही आणि कल्चरमध्ये त्यांचं काहीच होत नाही. न मोजता, नुसतं ‘लांबट, पातळ कवच’ बघून हुकवर्म लिहिलं जातं आणि मग कल्चरला दोष दिला जातो. आयपीसचा मायक्रोमीटर स्टेजच्या मायक्रोमीटरवर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी एकदा मिळवून घ्या आणि आकडा मायक्रोस्कोपच्या बुडाला चिकटवून ठेवा.

नमुना कधीचा, कुठून आला, रस्त्यात कुठे होता?

एवढ्या एका प्रश्नात निम्म्याहून जास्त बिघाड सापडतो, म्हणून इथे थांबून नीट बघा.

फ्रीज. उपकेंद्रावरून येणारा प्रत्येक नमुना बर्फाच्या पिशवीबरोबर डब्यात घालायची सवय सगळ्यांना असते. रक्तासाठी ते बरोबर आहे. कल्चरच्या शौचासाठी ते घातक आहे. गारठ्यात हुकवर्मची अंडी आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या तग धरत नाहीत. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या नमुन्याच्या स्लाईडवर अंडी अगदी जशीच्या तशी दिसतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा: ‘कल्चर, फ्रीजमध्ये ठेवू नये.’

ऊन. याच्या उलट चूक. एप्रिल-मेमध्ये दुचाकीच्या डिकीत दोन तास राहिलेली डबी आतून भाजून निघते. नमुना सावलीत, कापडी पिशवीत आणा.

फॉर्मलिन. स्लाईडसाठी फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून कल्चर होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आधी फॉर्मलिन असलेली डबी विसळून पुन्हा वापरली तरी तोच परिणाम होतो. कल्चरच्या डब्या वेगळ्या ठेवा.

पाणी आणि लघवी. कमोडमधून उचललेल्या, लघवी मिसळलेल्या किंवा फिनेल टाकलेल्या जागेवरून घेतलेल्या नमुन्यात अंडी मरतात. रुग्णाला कोरडा कागद किंवा रुंद तोंडाची डबी द्या आणि ‘जमिनीवरून उचलू नका’ हे तोंडी सांगा. मातीतून उचललेल्या नमुन्याचा त्रास वेगळा आहे, तो पुढे येतो.

औषध. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. जिल्ह्यात प्रत्यक्ष वाटपाची तारीख थोडी मागेपुढे होते. शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वयोगटाला अल्बेंडाझोल मिळतं, ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धी गोळी. हे औषध किडे मारतं तसंच अंडीही निकामी करतं. म्हणजे गोळीनंतर दोन-चार दिवसांत आलेल्या मुलाच्या नमुन्यात अंडी दिसतील, पण ती फुटणार नाहीत. फेब्रुवारी-ऑगस्टमधल्या त्या निगेटिव्ह रांगेचं कारण बहुधा हेच. कागदावर ‘शेवटची जंताची गोळी कधी?’ असा रकाना घाला. गोळीचा गुण बघायचा असेल तर दोन ते तीन आठवड्यांनी नमुना घ्या.

हंगाम. भातलावणीला चिखलात अनवाणी उभं राहून संसर्ग झाला, तर किडा वाढून अंडी घालू लागेपर्यंत पाच आठवडे किंवा त्याहून जास्त जातात. जुलैत पायाला खाज आली म्हणून त्याच आठवड्यात शौच तपासलं तर त्या संसर्गाची अंडी अजून सुरूच झालेली नसतात. अशा रुग्णाला गणपतीच्या आसपास पुन्हा बोलवा. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या वेगळ्या, त्यांचा किड्याशी संबंध नाही.

नमुन्याचं वय अंडं स्वतःच सांगतं. चार-आठ पेशी म्हणजे नमुना ताजा. पेशींचा गच्च गोळा म्हणजे बरेच तास झाले. आत वेटोळं घातलेली अळी म्हणजे साधारण एक दिवस किंवा जास्त. दाणेदार, आक्रसून कवचापासून सुटलेला आतला भाग म्हणजे अंडं मेलेलं.

चोवीस तासांची जिवंतपणाची तपासणी

अंडी जिवंत आहेत का, हे कळायला दहा दिवस थांबावं लागत नाही. पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर ठेवा, त्यावर नमुन्याचा नखभर पातळ थर पसरा, झाकण ठेवून डिश खोलीतच सावलीत ठेवा. ताज्या स्लाईडवर दहा अंड्यांच्या पेशी मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच थरातला कण सलाईनमध्ये घेऊन पुन्हा दहा अंडी बघा. पेशी वाढलेल्या किंवा आत अळी हलताना दिसली, तर अंडी जिवंत आहेत आणि दोष नळीत आहे. सगळी अंडी कालच्यासारखीच चार-आठ पेशींवर थांबलेली असतील, तर दोष नमुन्यात आहे, दुसरा नमुना मागवा. थर पातळच हवा, जाड गोळ्यात आतल्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि जिवंत अंडीही थबकतात. एका फिल्टर पेपरचा खर्च आहे, आणि पुढचा सगळा शोध यावरून अर्धा होतो.

अळ्या आहेत, पण दिसत नाहीत

कंडेन्सर वर आणि प्रकाश पूर्ण असेल तर पारदर्शक अळी डोळ्यांसमोरून निघून जाते. कंडेन्सर खाली घ्या, आयरिस बराच मिटा, १० च्या ऑब्जेक्टिव्हने बघा.

द्रव कुठून घेतला, हे दुसरं. अळ्या तळाच्या निमुळत्या टोकाशी साचतात. पट्टी न हलवता काचेचा पिपेट थेट तळापर्यंत न्या आणि तिथूनच दोन-तीन थेंब घ्या. वरून घेतलेला थेंब रिकामाच येणार. काहीच दिसलं नाही तर दहाव्या दिवशी सगळा द्रव वेगळ्या नळीत काढून हळू वेगाने सेंट्रिफ्यूज करा आणि गाळ बघा.

घाईही नडते. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या दोन-चार दिवसांत दिसू लागतात. हुकवर्मची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, पण ओळखण्याजोगी फिलॅरिफॉर्म अळी व्हायला पाच ते दहा दिवस जातात. चौथ्या दिवशी नळी फेकून ‘निगेटिव्ह’ लिहू नका.

नळीतलं पाणी

नळी गढूळ होत नाही, पट्टी ओली आहे, अंडी जिवंत ठरली आहेत, तरी अळी नाही. मग पाणी बदला. डिस्टिल्ड पाणीच हवं.

विहिरीचं पाणी तीन कारणांनी नको. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते आणि त्या पाण्यातलं क्लोरीन रोज वेगळं असतं. अंड्यातून बाहेर आलेल्या अळीला कवचाचा आडोसा राहत नाही, तिला असल्या पाण्यात सोडणं धोक्याचं. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि खारटपणा हुकवर्मच्या अळीला मानवत नाही. तिसरं सगळ्यात त्रासदायक: विहिरीच्या पाण्यात स्वतंत्र जगणारे सूत्रकृमी असतात, ते नळीत वाढतात आणि अळ्या सापडल्याचा भास होतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी गॅरेजमध्ये मिळणारं पाणी छोट्या लॅबमध्ये सर्रास वापरलं जातं. सीलबंद बाटली असेल तर चालतं. सुट्या कॅनमधलं घेऊ नका, त्या कॅनमध्ये आधी ॲसिड असू शकतं. शंका आली तर पीएच पट्टी बुडवून बघा.

पट्टी, नमुन्याचं प्रमाण आणि पातळी

वासाच्या आणि गढूळ पाण्याच्या तक्रारी इथे मिटतात.

पट्टी सुमारे १३ मिलिमीटर रुंद, १२० मिलिमीटर लांब, एक टोक निमुळतं कापलेलं. नळी १५ मिलीची, शंकूच्या बुडाची. नमुना अर्धा ते एक ग्रॅम, लाकडी काडीने पट्टीच्या मधल्या भागात पातळ पसरलेला. निमुळत्या टोकाकडून साधारण ५ सेंटिमीटर आणि वरून दोन-अडीच सेंटिमीटर पट्टी कोरी. नळीत ३ ते ४ मिली पाणी. पट्टी उतरवल्यावर टोक तळाला लागायला हवं आणि पाण्याची पातळी नमुन्याच्या थराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली.

हा एक सेंटिमीटर सगळ्यात महत्त्वाचा. पाणी कागदातून वर चढतं, नमुना ओला राहतो, अंड्याला ओलावा आणि हवा दोन्ही मिळतात, अळी फुटली की ओल्या कागदावरून खाली पाण्यात उतरते. नमुना पाण्याला टेकला की तो विरघळतो, जीवाणू माजतात, प्राणवायू संपतो आणि अळ्या गुदमरतात. वास येतो तो त्याचाच. ‘जास्त नमुना, जास्त अळ्या’ या समजुतीने दोन-तीन ग्रॅमचा जाड लेप लावला तरी हेच होतं. जास्त नमुना बघायचा असेल तर एका रुग्णाच्या दोन नळ्या लावा.

नळीचं बूच घट्ट लावू नका. सैल कापूस किंवा टाचणीने भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा तुकडा रबरबँडने बसवा. पावसात कापूस ओला राहून स्वतःच बुरसतो, त्या चार महिन्यांत प्लॅस्टिक बरं.

पाण्याची पातळी मार्करने नळीवर खुणेने दाखवा आणि रोज बघा. पहिले दोन दिवस पाणी भराभर घटतं, एसीच्या किंवा पंख्याच्या खोलीत तर फारच. भर घालताना पिपेटने काचेच्या कडेने हळू सोडा. वरून ओतलं तर नमुना धुऊन खाली जातो.

पातळ जुलाबाचा नमुना पट्टीवर टिकतच नाही, त्यासाठी कोळशाची पद्धत वापरा.

उष्णता

२४ ते २८ अंश सेल्सिअस हवं. किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ हे आपोआप मिळतं, म्हणून कोणी थर्मामीटर ठेवत नाही, आणि तिथेच चुकतं. घाटाच्या पायथ्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा २० च्या बराच खाली जातो, वाढ मंदावते आणि दहा दिवस पुरत नाहीत. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी ३५ च्या वर जाते. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर नळ्यांच्या शेजारी ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. नळ्या खिडकीत, ऑटोक्लेव्हच्या वर किंवा फ्रीजच्या मागच्या गरम जाळीजवळ ठेवू नका. थंडीत थर्माकोलच्या पेटीत कोमट पाण्याची बाटली ठेवली तरी रात्र निघते. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये मात्र नळ्या घालू नका, ते जीवाणूंसाठी आहे. या अळ्यांना माणसाच्या अंगाची नव्हे, कोकणातल्या सावलीतल्या मातीची ऊब लागते.

बुरशी आणि मुंग्या

थोडी बुरशी चालते, अळ्या तिच्यातून वाट काढतात. सगळी पट्टी झाकली गेली तर नमुना जास्त झालेला आहे किंवा फिल्टर पेपर दमट कपाटात आधीच बुरसलेला आहे. पट्ट्या कापून गरम हवेच्या ओव्हनमध्ये कोरड्या करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बुरशीनाशक किंवा जंतुनाशक नळीत टाकू नका.

नळ्यांचा स्टँड ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या द्या. मुंग्या पट्टीवरचा नमुनाच नेतात. माशी बसू देऊ नका, तिच्या अळ्या नळीत वाढल्या तर ती नळी बाद.

अळ्या भरपूर, पण कुणाच्या?

जमिनीवरून उचललेल्या नमुन्यात मातीतले सूत्रकृमी येतात. कल्चरमध्ये त्यांची पिढीवर पिढी होते, म्हणून सगळ्या आकारांच्या अळ्या आणि पूर्ण वाढलेल्या माद्या एकदम दिसतात. पण स्ट्राँगिलॉइडिसचीही बाहेर जगणारी पिढी असते आणि तिच्या माद्याही कल्चरमध्ये दिसू शकतात. त्यामुळे मादी दिसली एवढ्यावर काहीही ठरवू नका.

स्वस्त तपासणी अशी: अळ्या असलेल्या १० मिली पाण्यात ०.३ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला. मातीतले सूत्रकृमी मरतात, परजीवी अळ्या सुमारे दिवसभर तग धरतात. ॲसिड मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून हाताळा, आणि ॲसिड पाण्यात सोडा, पाणी ॲसिडमध्ये नाही. याबरोबरच जमिनीला न लागलेला ताजा नमुना मागवाच.

ओळखायच्या खुणा अशा. लहान, ऱ्हॅब्डिटिफॉर्म (सुरुवातीच्या अवस्थेतली) अळी असेल तर तोंड बघा: हुकवर्मची मुखनलिका लांब, स्ट्राँगिलॉइडिसची अगदी आखूड. शरीराच्या मध्याजवळ जननेंद्रियाचा अंकुर स्ट्राँगिलॉइडिसमध्ये ठळक, हुकवर्ममध्ये शोधावा लागतो. नमुना दिवसभर उन्हाळ्याच्या खोलीत पडून राहिला तर हुकवर्मची अंडी डबीतच फुटतात आणि ‘ताज्या स्लाईडवर अळी, म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस’ अशी चूक होते. म्हणून मुखनलिका बघितल्याशिवाय नाव लिहू नका.

फिलॅरिफॉर्म अळीत शेपूट बघा. स्ट्राँगिलॉइडिसच्या शेपटीचं टोक खाच पडलेलं, अन्ननलिका शरीराच्या जवळपास निम्म्या लांबीची, अंगावर आवरण नाही. हुकवर्मची शेपटी टोकदार, अन्ननलिका सुमारे पाव लांबीची, आणि अळीभोवती सैल आवरण. आयोडिनचा थेंब टाकला की अळी मरते, स्थिर होते आणि या खुणा ठळक दिसतात. नेकेटरच्या आवरणावर आडव्या रेघा उठून दिसतात, अँकायलोस्टोमाच्या पुसट. हे ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर बघायचं. खात्री नसेल तर ‘हुकवर्मची अळी’ एवढंच लिहा, ते पुरेसं आणि खरं आहे.

कंट्रोल नळी

इतकं करूनही अळी नसेल तर खात्रीच्या पॉझिटिव्ह नमुन्याची नळी त्याच दिवशी, त्याच पाण्याने, त्याच पट्टीवर लावा. कंट्रोलमध्ये अळ्या आल्या तर मांडणी ठीक आहे आणि रुग्णाचा निगेटिव्ह विश्वासार्ह. कंट्रोलही रिकामी निघाली तर त्या आठवड्यातले सगळे निगेटिव्ह रिपोर्ट रोखा आणि नमुने पुन्हा मागवा. माझ्या मते कंट्रोलशिवाय कल्चरचा निगेटिव्ह रिपोर्ट द्यायचाच नाही, मग डॉक्टर कितीही घाई करोत.

पद्धत बदलणं

कोळशाची पद्धत बुरशी आणि पातळ नमुना या दोन्हींवर उपयोगी. लोहाराकडे मिळतो तसा लाकडी कोळसा रव्याहून जाड कुटा, चाळून पूड काढून टाका, धुवा आणि ओव्हनमध्ये चांगला तापवून घ्या, नाहीतर कोळशाबरोबर अंगणातले सूत्रकृमी येतात. दगडी कोळसा किंवा राख नको. नमुना आणि कोळसा सारख्या मापाने मिसळा. मिश्रण ओलसर असावं, दाबल्यावर पाणी सुटू नये. पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ठेवून सात दिवसांनी बेअरमनच्या फनेलमध्ये (खाली चिमटी लावलेली रबरी नळी असलेलं, पाण्याने भरलेलं नरसाळं), जाळीच्या कापडावर, सुमारे ४० अंशांच्या पाण्याला टेकवून दोन तास ठेवा. नंतर रबरी नळीची चिमटी सोडून पहिले काही थेंब बघा.

अगर प्लेट, म्हणजे अगरची जेली ओतलेली पेट्री डिश, स्ट्राँगिलॉइडिससाठी हाराडा-मोरीहून सरस आहे, पण महाग आहे आणि कोकणच्या हवेत दमवते. १०० मिली पाण्याला अगर १.५ ग्रॅम, मीट एक्स्ट्रॅक्ट अर्धा ग्रॅम, पेप्टोन १ ग्रॅम, मीठ अर्धा ग्रॅम. मध्यभागी सुमारे २ ग्रॅम नमुना, प्लेटची कड सगळीकडून टेपने बंद, दोन दिवस २६ ते ३३ अंशांवर. अळी चालते तिथे जीवाणू पेरत जाते आणि नागमोडी वाट उमटते. प्लेटचा पृष्ठभाग ओला असेल तर ही वाट उमटतच नाही. एरवी प्लेटा चार-पाच दिवस वाळवतात, जुलैत त्या तशा वाळत नाहीत. उलट्या, झाकण किंचित सरकवून ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये तासभर ठेवा आणि झाकणावर बाष्प धरलेली प्लेट वापरू नका. टेप सैल राहिला तर अळ्या बाहेर येतात. वाट दिसली तरी झाकण उघडू नका. तापवलेल्या चिमट्याने झाकणाला भोक पाडा, १० टक्के फॉर्मलिन सोडा, अर्धा तास थांबा, मगच द्रव काढून सेंट्रिफ्यूज करा.

कुठे थांबायचं

एक तासाच्या आतल्या ताज्या शौचात किंवा थुंकीत फिलॅरिफॉर्म अळी दिसली, तर कल्चरची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. स्ट्राँगिलॉइडिस शरीरातच स्वतःची संख्या वाढवतो, आणि रुग्ण दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड घेत असेल तर तो जिवावर बेततो. डॉक्टरांना फोनवर ‘स्टिरॉइड चालू आहे का?’ हे स्पष्ट विचारा. अशा रुग्णाला जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या फिजिशियनकडे त्याच दिवशी जायला हवं.

कंट्रोल लागोपाठ दोनदा फसली, किंवा अळीच्या ओळखीवर दोघांचं एकमत होत नसेल, तर आणखी नळ्या भरू नका. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला फोन करून विचारा की त्यांना काय हवं: फॉर्मलिनमधल्या मेलेल्या अळ्या, की न गारठवलेला ताजा नमुना. विचारल्याशिवाय जिवंत कल्चर एसटीने किंवा कुरिअरने पाठवू नका.

मायक्रोस्कोपमध्ये सगळं धुकट दिसत असेल आणि लेन्स कागदाने पुसूनही जात नसेल, तर लेन्सच्या आत बुरशी आहे. किनाऱ्यावर हे सर्रास होतं. ऑब्जेक्टिव्ह खोलून स्पिरिटने घासू नका, सर्व्हिसवाल्या तंत्रज्ञाला बोलवा आणि तोवर निगेटिव्ह रिपोर्ट देऊ नका. इनक्युबेटरचा थर्मोस्टॅट आणि ऑटोक्लेव्हचा गॅस्केट किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह हेही बायोमेडिकल इंजिनिअरचं काम आहे. वाफ गळणारा ऑटोक्लेव्ह ‘एकदाच’ म्हणूनही लावू नका.

काम संपलेल्या नळ्या आणि प्लेटा १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने, किमान २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, मग पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लॅबमधलं कल्चर आधी जागेवर निर्जंतुक करूनच द्यायचं असतं. ऑटोक्लेव्ह बंद असेल तर नळ्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून उकळा आणि दुरुस्ती होईपर्यंत नवं कल्चर लावू नका. नुसत्या ब्लीचिंगच्या पाण्यावर विसंबू नका, ॲस्कॅरिसची अंडी त्यात टिकतात. आणि अशा नळ्या बेसिनमध्ये रिकाम्या करू नका, ते पाणी लॅबच्या मागच्या पोफळीच्या आळ्यात जात असेल तर मुळीच नको.